शिरीषानंतरची कविता

टोकरखाडा, सिल्वासा
६ ऑगस्ट १९९५

मंजुषाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे फाडलं नाहीत, असं धरून लिहायला बसलो आहे. आठ वर्षांनी पत्र येतं तेव्हा माणसाला वाटतं, कोणी तरी गेलं असणार. तसं काही नाही. मी आहे, वसंत आहे, शनिवारची बैठक आहे आणि बिस्किटांचा तो पत्र्याचा डबासुद्धा आहे. डब्याचं झाकण आता नीट बसत नाही, एवढंच.

तुमचा चिपळूणचा पत्ता तुमच्या जुन्या शाळेतून मिळवला. द्यायला का-कू करत होते. मी म्हणालो, सरकारी माणूस आहे, कवितेचं काम आहे. या दोन गोष्टी एका वाक्यात ऐकून कारकून इतका गोंधळला की त्यानं पत्ता लिहून दिला.

डिसेंबरात मी निवृत्त होतोय. क्वार्टर सोडायची, सावंतवाडीला सौ.कडे जायचं. म्हणजे बैठक संपली, कारण वसंताच्या घरी जागा नाही आणि त्याच्या बायकोला कवी आवडत नाहीत. नियम आपलेच चालू आहेत अजून. प्रत्येकानं बिननावाची कविता घडी करून डब्यात टाकायची. ज्याची पाळी असेल त्यानं एकेक कागद काढून वाचायचा, कागद दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही. बाकीच्यांनी बोलायचं. ज्याची कविता असेल त्यानं तोंड उघडायचं नाही, कोणी विचारलं तरीही. तुम्हाला हा नियम कधीच मानवला नाही. "परीक्षेत नाव झाकतात, माणूस नाही झाकत," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात.

लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात आपल्या बैठकीतल्या नवनाथची बायको कचेरीत आली. लीलाबाई. सोबत तिचा दीर भिका. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावाहून दर दिवाळीला भिकाच्या अक्षरात एक पोस्टकार्ड येतं, "भाऊचं काही कळालं का". मी उत्तर देतो, "काही कळलं नाही". या वेळी ती स्वतः आली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. खुर्ची दिली तर भिंतीला टेकून खालीच बसली. म्हणाली, "साहेब, मानूस गयेल असंल तर गयेल म्हना. पन काई तरी लिहून ठेयेल असंल ना त्यांनी? ते तर कवाबी लिहत बसत."

मी म्हणालो, "नाही बाई. काही नाही ठेवलं."

नऊ वर्षं ती बाई सकाळी आरशासमोर उभी राहते आणि कुंकू लावावं की लावू नये हे तिला कोणी सांगितलेलं नाही. गावच्या हळदीकुंकवाला तिला बोलावतात तेही अवघडून, असं भिका म्हणाला.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे सांगायला हे पत्र. तुम्ही त्या संध्याकाळी शिरीषाच्या फुलांवरच्या एका कवितेला हसलात. त्यात पाप काय? कवितेला हसण्यानं माणूस नाहीसा होत नाही. लोक काय वाटेल ते बोलतात.

अजून एक. हसाल. हल्ली डबा उघडला की मी घड्या मोजतो. माणसं पाच असतात, कागद सहा.

भगवंत

*

२७ ऑगस्ट १९९५

मंजुषाबाई,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा थांबवून विचारलं.

काल बैठक झाली. पुन्हा सहा कागद. वसंताला कळू नये म्हणून एक मी मांडीखाली सरकवला. नवा एक मुलगा येतो, ओंकार, वापीच्या कॉलेजात शिकतो. मराठीत सुरू करतो, गुजरातीत अडखळतो आणि हिंदीत संपवतो, पण लिहितो बरं. तो दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायला गेला, तर मी एकदम ओरडलो, "तिथं नको." सगळे बघायला लागले. मी म्हणालो, तिथं ओल येते. ऑगस्टात सगळ्या सिल्वाशात ओल येते, मंजुषाबाई.

नवनाथ तिथं बसायचा ना. दादऱ्याच्या सुताच्या कारखान्यातून पाळी संपवून थेट यायचा, म्हणून कपड्यांना तेलाचा वास. आपल्या सतरंजीला लागेल म्हणून कडेला. पहिल्यांदा आला त्या दिवशी वसंतानं कामगारांवरची कविता टाकली होती. तुम्हीच वाचलीत. "घामाचे मोती" वगैरे. आम्ही सगळे वाहवा करत होतो, कारण कामगारांवरच्या कवितेला वाईट म्हणायला आम्हाला लाज वाटायची. हा कोपऱ्यातून म्हणाला, "घामाचे मोती नाही होत सर. घाम डोळ्यात जाते. मंग धागा दिसत नाही, तुटते. मंग सुपरवायझर येते."

वसंताचा चेहरा पडला, पण नियमापुढे त्याला गप्पच बसावं लागलं. तुम्ही केवढ्या हसलात. मग म्हणालात, "यानं आपल्याला चार वर्षांत जे सांगता आलं नाही ते सांगितलं." त्या दिवसापासून तुम्ही त्याला पुस्तकं देऊ लागलात, आणि तो ती वर्तमानपत्राची कव्हरं घालून परत आणायचा.

खरं सांगू? त्याला दुसऱ्याची कविता ऐकता यायची. आपण बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघत ऐकायचो. हा डोळे मिटून ऐकायचा आणि नंतर असा एकच शब्द काढून दाखवायचा की तो काढला की कविता उभी राहायची. माझ्या कवितांतूनसुद्धा काढले त्यानं. माझ्या आहेत हे त्याला माहीत नव्हतं. किंवा असेल.

शहाऐंशीच्या दिवाळी अंकासाठी त्यानं आणि मी एकाच मासिकाला कविता पाठवल्या होत्या. त्याची छापून आली. माझी साभार परत. तुम्ही पेढे वाटलेत. मी दोन खाल्ले.

आज एवढंच. रात्र नाही, भर दुपार आहे, पंखा चालू आहे, समोरच्या कॉलनीत कोणाचा तरी रेडिओ गुजराती बातम्या देतोय. तरीसुद्धा दाराजवळच्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायला मला जमत नाही. खुर्ची वळवून लिहितोय.

भगवंत

*

१६ सप्टेंबर १९९५

मंजुषाबाई,

तुमचं कार्ड मिळालं. ना नमस्कार, ना सही. एकच ओळ: "शिरीषानंतर तुम्ही जी कविता वाचलीत, तिचा कागद कुठे आहे?"

चार दिवस ते कार्ड खिशात घेऊन कचेरीत जात होतो. तुम्ही शाळेत मुलांना असंच धरत असाल, सगळा फळा सोडून नेमकं चुकलेल्या गणितावर बोट. बरं. सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून सलग सांगतो.

शनिवार, वीस डिसेंबर शहाऐंशी. वाचायची पाळी माझी होती. थंडी होती. नवनाथ तीन महिन्यांनी आला होता, अंगावर शाल घट्ट लपेटून. तुम्ही विचारलंत, "बरा आहेस ना?" तो मानेनं हो म्हणाला. त्या शालीखाली काय आहे ते खोलीत फक्त मला माहीत होतं. सप्टेंबरात त्याचा उजवा हात मशिनमध्ये गेला होता. मनगटापासून. भरपाईचा त्याचा अर्ज कामगार कचेरीत माझ्याच टेबलावर आला होता, डाव्या हातानं लिहिलेला, पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात. "साहेब, बैठकीत सांगू नका," म्हणाला. "घरी बी नाही सांगेल अजून." कारखान्यानं त्याला हलकं काम देतो म्हणून थांबवून ठेवलं आणि मग घरी बसवलं. मी अर्ज पुढे पाठवला. माझं काम एवढंच होतं असं मी तेव्हा म्हणायचो.

पहिला कागद काढला तो शिरीषाचा. "शिरीषाच्या फुलांनो, तुम्ही माझ्या श्वासांच्या झालरी." तुम्ही म्हणालात, "श्वास आहे की सोफ्याचं कव्हर?" सगळी खोली हसली. वसंताला तर ठसका लागला. मी वाचणारा, म्हणून मीही हसलो.

ती कविता माझी होती.

दोन महिने घासूनपुसून लिहिली होती. कान तापले होते माझे. आणि त्याच कानांनी मी दुसरा कागद उघडला. अक्षर बघितल्याबरोबर ओळखलं. ते तुम्हा कोणाला ओळखता येणं शक्य नव्हतं, आणि कागद हातात द्यायचा नाही हा नियम. मी वाचली. माझ्याकडे ती आहे, पण बघून उतरवायची गरज नाही:

ज्या हातानं तुझा हात धरला
तो आता माझ्यापाशी नाही.
डाव्याला तुझी ओळख नाही,
त्याला काय सांगू, कुणाला लिही म्हणून?

जुना रस्ता अजून पाण्यात उतरतो,
पलीकडे गाव आहे असं त्याला वाटतं.
उद्या मी त्याच्यासोबत जाईन.
तू कपाळ मोकळं कर, वाट मोकळी कर.

आणि आपण चर्चा केली, मंजुषाबाई. वसंत म्हणाला, हात हे प्रतीक फार वापरून झालंय. कोणी तरी म्हणालं, रस्ता पाण्यात उतरतो ही प्रतिमा छान, पण अतिवास्तव. धरण भरल्यावर दुधनीकडचा जुना रस्ता खरोखरच पाण्यात गेलाय, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हणालो, शब्द जसेच्या तसे सांगतो: "पहिल्या सहा ओळी ठीक. शेवटच्या दोन सपाट आहेत, निरोप दिल्यासारख्या. त्या काढल्या तर कविता वाचेल." आणि पेन्सिलीनं त्या दोन ओळींना कंस केला.

तुम्ही हसत नव्हता. तुम्ही म्हणालात, "उद्या म्हणजे कुठला उद्या? हे ज्याचं आहे त्यानं बोलावं. आत्ता. नियम गेला खड्ड्यात."

मी दाराकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. मी मान हलवली असती तर तो बोलला असता, हे मी तेव्हाही जाणत होतो. मी म्हणालो, "बाई, नियम म्हणजे नियम. आज मोडला तर उद्या बैठक राहणार नाही." आणि तिसरा कागद काढला.

का केलं असं, हे मी नऊ वर्षं निरनिराळ्या तऱ्हेनं स्वतःला समजावलं. नियमाची चाड होती, कवितेला कविता म्हणूनच ऐकावं, आणि असंच काय काय. खरं एवढंच आहे की ती कविता चांगली होती आणि माझी नुकतीच हशावारी गेली होती. मला वाटलं, हा आता हात दाखवणार, तुम्ही सगळे रडणार, आणि शिरीष कायमचा सोफ्यावर जाणार. इतका मी हलका माणूस आहे.

उठताना ज्यानं त्यानं आपापला कागद डब्यातून गुपचूप काढून घेतला. त्यानं नाही घेतला. दारात चपला घालताना म्हणाला, "सर, बरोबर आहे तुमचं. शेवट काढायला पायजे."

मग अख्खा रविवार माझ्या हातात होता. हे मला विसरता येत नाही. मी मटण आणलं, स्वतः शिजवलं, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. दुधनीच्या वाटेवर, खानवेलला जाणारी बस चौकातून दर तासाला सुटत होती. बुधवारी गेलो मी. रस्ता उताराला लागतो आणि सरळ पाण्यात जातो. मैलाचा दगड अर्धा पाण्यात, आकडा बुडालेला. बाकी काही नाही. एक म्हातारा जाळं सुकवत होता, म्हणाला, कोणी दिसलं नाही.

पोलीस चौकशीला आले तेव्हा मी हवालदाराला म्हणालो, "गेल्या बैठकीत त्याची एक शिरीषावरची कविता होती. एका बाईंनी तिची फार टिंगल केली. मनाला लागलं असेल." माझी कविता मी त्याच्या नावावर चढवली, आणि त्याचं जाणं तुमच्या. हवालदार तुमच्या शाळेत गेला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बायका नळावर काय बोलायच्या, मुख्याध्यापकांनी तुम्हाला काय सुचवलं, हे सगळं मी इथं बसून ऐकत होतो. तुम्ही जायच्या आधी माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "ती खरंच त्याची होती? शिरीष त्याला सुचणार नाही हो, भगवंतराव." मी म्हणालो, त्याचीच होती.

तुम्ही लिहिणं सोडलंत असं वसंत सांगतो.

आणि सहावा कागद. तो मीच टाकतो. दर शनिवारी नवनाथचा कागद डब्यात ठेवतो, दुसऱ्या कोणाच्या तरी हाताला लागावा, त्यानं वाचावा आणि कोणी तरी तुमच्यासारखं विचारावं म्हणून. मग माझा धीर सुटतो आणि डबा पुढे करण्याआधी मीच तो काढून घेतो. आठ वर्षं हे चाललंय. आता तर टाकला नाही तरी मोजताना सहा येतात.

कागद इथं आहे, माझ्याजवळ. काय करू तेवढं सांगा.

भगवंत

*

९ ऑक्टोबर १९९५

मंजुषाबाई,

तुमचं दुसरं कार्ड. "तो तुमचा नाही. जिचा आहे तिला द्या." गेलो.

पारोळ्याला उतरून जीपनं गावात पोचलो तेव्हा सकाळचे दहा झाले होते. लीलाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मला बघून त्यांनी पदर नीट केला, भिकाला हाक मारली, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. चिठ्ठी आहे."

त्या रडतील, मला शिव्या देतील, याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी शेंगांची टोपली बाजूला केली, हात झटकले आणि म्हणाल्या, "वाचा. मला वाचता येत नाही, अन् भिकाच्या तोंडून नको."

मी वाचायला लागलो. पहिल्या दोन ओळींवरच त्यांनी थांबवलं. "हात नाही म्हंजे?"

मी सांगितलं. भिका उठून आत गेला. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हनून पत्र यायचं बंद झालं. मी म्हने, दुसरी केली असंल." पदर सारखा करत, "नऊ वरीस मी त्यांना तेच बोलत व्हती मनात."

पुढच्या चार ओळी वाचल्या. रस्त्याचं त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे त्यांनी घरी लिहिलं अन् ठेवलं?"

"नाही. आमच्या बैठकीत दिलं. मी सगळ्यांपुढे वाचलं."

"तवा ते कुठं व्हते?"

"तिथंच. दाराजवळ बसले होते."

"तठेच बसेल व्हते? तुमी वाचत व्हते अन् ते ऐकत व्हते?"

"हो."

"मंग तुमी काय म्हनले त्यांना?"

मंजुषाबाई, तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. तिथं त्या ओट्यावर, शेंगांच्या टरफलांत बसून मला ते वाक्य बोलावं लागलं. "मी म्हणालो, शेवटच्या दोन ओळी काढून टाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. एखाद्या जनावराला काय झालंय ते कळत नाही तेव्हा बघतात, तसं. मग विचारलं, "कोनीच काई इचारलं नाही?"

"एका बाईंनी विचारलं. कुठला उद्या म्हणून. मी त्यांना गप्प केलं."

"नाव काय तिचं?"

तुमचं नाव सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, शाळेतलं पोर म्हणतं तसं. मी पुढच्या ओळी वाचायला कागद वर केला, तर त्यांनी आपला तळवा कागदावर ठेवला.

"त्या दोन ओयी तुमी नका वाचू. तुमाले त्या नको व्हत्या ना? मंग ऱ्हाऊ द्या. जिनं इचारलं, तिले पाठवा. तिच्या तोंडून ऐकीन. काय असंल ते मला ठाऊक आहे, पन तोवर मी हे पुसत नाही." आणि कपाळाला बोट लावलं.

भिकानं मला फाट्यापर्यंत सोडलं. बस आली तेव्हा म्हणाला, "वहिनी तुमच्यासाठी शेंगा देत होती. मीच नको म्हनलं."

मी तुमच्याकडे क्षमा मागत नाही, तुम्ही कामाला लागावं म्हणून लिहितो. इथल्या तुमच्या जुन्या शाळेला आणि सिल्वाशाच्या पोलीस ठाण्याला वेगळी पत्रं टाकली आहेत, सहीनिशी, शिरीषाची कविता कोणाची होती आणि मी काय दडवलं ते. वसंतालाही सांगितलं. तो डबा घेऊन गेला. बायकोला काय सांगणार आहे कोण जाणे.

चिपळूणहून मुंबई, तिथून रात्रीच्या गाडीनं चाळीसगाव, पुढे पारोळ्याची एस.टी. पारोळ्याला उतरलात की मारुतीच्या देवळासमोर जीपा असतात. भिका पाटलांचं घर म्हणा. लीलाबाई सकाळी ओट्यावर असतात.

कागद सोबत जोडला आहे, रजिस्टर करतोय. शेवटच्या दोन ओळी त्यात जशाच्या तशा आहेत. माझा पेन्सिलीचा कंस तेवढा काल खोडरबरानं पुसायला गेलो. रेघ गेली, पण दाबून लिहायची सवय, कागदावर खूण राहिली आहे. तुम्ही वाचताना तिथं थांबू नका.

भगवंत